कलिंगडाचं गारेगार

त्याने पिशवीतून थर्मास काढला तेव्हाच तिला हसू आवरेना. कुत्रा कुणाकडे राहणार याचा निकाल लागायचा होता, आणि हा सहलीला निघाल्यासारखा थर्मास घेऊन आला होता.

"त्यात काय आणलंयस?" मामांनी विचारलं. हे तिचे सख्खे मामा. नवरा-बायको दोघांनी या एकाच माणसाचं ऐकायचं कबूल केलं होतं, म्हणून भर दुपारी हा तमाशा त्यांच्या बैठकीच्या खोलीत भरला होता.

"ढब्बूसाठी गारेगार आहे. कलिंगड आणि दही. घरी केलंय," तो म्हणाला. "उन्हाळ्यात बरं वाटतं कुत्र्यांना."

घरी केलंय! तिने नाक मुरडलं. लग्न झाल्यापासून ज्याने आपणहून कधी फ्रिज उघडला नाही, तो आता कुत्र्याचा खाऊ करायला लागला. कुठलातरी व्हिडिओ बघून दिवे लावले असणार.

"बिया एकेक करून काढल्यात," तो मामांना सांगत होता. "साखर अजिबात नाही. साच्यात घालून रात्रभर ठेवलं."

दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवणाऱ्या माणसाला दुसरं जमणार तरी काय? बसला असेल बिया वेचत.

तिला तो पहिल्यापासून ढिम्म वाटायचा. भांडतानासुद्धा ढिम्म. तिने आवाज चढवला की हा आपला पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा. उन्हाळा लागता लागता एकदा रागाच्या भरात ती "निघ" म्हणाली, आणि हा शहाणा खरंच निघाला. दोन पिशव्या घेऊन. वाद नाही, दार आपटणं नाही. मग इतक्या दिवसांनी निरोप काय, तर बाकी काही नको, ढब्बू तेवढा द्या. जन्मात एकच गोष्ट मागितली, तीही मामांच्या तोंडून.

ठरलेलं सोपं होतं. दोघांनी खोलीच्या दोन टोकांना बसायचं. हाक मारायची नाही. मामा आतल्या खोलीतून ढब्बूला सोडतील आणि तो ज्याच्याकडे जाईल, त्याचा. खाऊ आणू नये असं कुणी म्हटलं नव्हतं, कारण हा एवढं डोकं चालवील असं कुणाला वाटलंच नव्हतं.

त्याने स्टीलच्या थाळीत गुलाबी बर्फाचे तुकडे ओतले आणि थाळी आपल्या पायाशी ठेवली.

"तुझी काही हरकत?" मामांनी तिला विचारलं.

"छे! ठेवू दे की. खुशाल ठेवू दे."

एवढं मोठं मन करायला तिचं काय जात होतं? ढब्बू ओंजळीत मावायचा तेव्हापासून तिने त्याला शिस्त लावली होती. समोर काहीही असो, ती "घे" म्हणेपर्यंत तोंड लावायचं नाही. पाहुणे आले की ती हे मुद्दाम करून दाखवायची. लोक टाळ्या वाजवायचे. तिने नवऱ्याकडे बघितलं की तोही वाजवायचा.

पंखा गरम हवा ढवळत होता. मामांनी दोघांसमोर लिंबाचं सरबत ठेवलं होतं. तिने आपला ग्लास केव्हाच संपवला होता. त्याचा तसाच भरलेला. उन्हातून आलेला माणूस, सारखा ओठ चाटत होता, पण समोरचा ग्लास उचलायची धमक नाही. असल्याच्या हाती कुत्रा द्यायचा!

मामांनी दार उघडलं. ढब्बू सुसाट सुटला तो थेट नवऱ्याकडे. त्याच्या मांडीवर पाय टेकून त्याने त्याचा चष्मा चाटून काढला.

"लागला निकाल," मामा म्हणाले.

"कसला निकाल? खाऊच्या वासाने गेलाय तो. शब्द कुणाचा मानतो ते बघा आता."

ढब्बू थाळीकडे वळला, नाक खाली नेलं आणि थबकला. मान वळवून त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने हाताची घडी घातली. बर्फाच्या कडा सुटायला लागल्या. ढब्बूच्या तोंडातून लाळेची तार लोंबली. तो बारीक आवाजात कुंईकुंई करत होता, पण थाळीला जीभ लावत नव्हता.

"बघितलंत?" तिचा चेहरा उजळला. "मरेल, पण तोंड लावणार नाही."

"अगं, जीव कासावीस झालाय त्याचा. दे की खाऊ."

"थांबा हो मामा. नीट बघू तरी दे याला."

बर्फाचा लगदा झाला. ढब्बूचे पुढचे पाय थरथरू लागले. नवरा मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. पुरेशी फजिती झाली असं वाटलं तेव्हा कुठे तिने मालकिणीच्या थाटात हनुवटी उचलली.

"घे."

ढब्बूने थाळीत तोंड खुपसलं. आणि त्याच क्षणी खोलीच्या त्या टोकाला नवऱ्याचा हात पुढे झाला. त्याने सरबताचा ग्लास उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

त्याच्या ते लक्षातही आलं नाही. तिच्या आलं. दुपारभर ओठांवर असलेलं हसू तिला एकदम नकोसं झालं, आणि ते कुठे लपवावं हे कळेना.

मामांनी खुंटीवरचा पट्टा काढला आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. मग ते तिच्याकडे वळले.

"काय गं," ते म्हणाले, "टाळ्या वाजवू?"