पानाचा ठसा

बाबांची नजर अधू झाली, तशा त्यांनी घडवलेल्या सुऱ्यांच्या धारा वाकड्या येऊ लागल्या. पण बापलेकीच्या सुऱ्यांवरचा ठसा एकच, त्यामुळे गिऱ्हाइकं दोघांनाही नावं ठेवायची. शेवटी लेकीने फक्त स्वतःच्या सुऱ्यांसाठी पानाच्या आकाराचा नवा ठसा करवून घेतला.

"नुसती हौस हो, बाबा," त्यांच्याकडे न बघताच ती म्हणाली.

बाबांनी तो लोखंडाच्या पट्टीवर ठोकून पाहिला आणि उमटलेल्या खुणेवरून अंगठा फिरवला. "पान होय? सुऱ्या विकणार आहेस की शेळ्या पाळणार?"

ती ओढूनताणून हसली.



"बरं केलंस, पोरी," ते हळूच म्हणाले. "वेगळा ठसा कर, असं मीच सांगणार होतो. पण तुला वाईट वाटलं असतं."