समोरच्या घराचा मीटर

जिन्याखालच्या मीटरपेटीत वायरमनने बॅटरीचा उजेड पाडला. “आजी, मेन स्विच बंद केलात ना? तरी तुमच्या नावाचा मीटर चालूच आहे. हा तुमचा नाहीच, समोरच्यांचा आहे. नवे मीटर बसवताना अदलाबदल झाली.”

चार महिने माझ्या बँकेतून विजेच्या बिलाचे दरमहा अडीच-तीन हजार परस्पर कापले जात होते. चार तक्रारींनंतर आज हा माणूस आला होता. पण आता मला वेगळंच कुतूहल वाटू लागलं. समोर यमू एकटी राहते. आम्ही दोघी एकाच दिवशी या बिल्डिंगीत आलो, तेव्हा दोन्ही घरांत मिळून एकच मिक्सर होता. पुढे गच्चीवर कोणाचे पापड आधी वाळत घालायचे, यावरून बोलणं तुटलं. त्याला नऊ वर्षं झाली. एकट्या बाईच्या घरात एवढी वीज खातंय तरी काय?

मी बेल वाजवली. यमूने दार उघडलं. तिच्या नाकाला नळी होती आणि मागे ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं.

“दिवसरात्र चालू असतं?” मी विचारलं.

“चैत्रापासून. तुला कोणी सांगितलं?”

“तुझ्या बिलाने. चार महिने मीच भरतेय.”

ती दारातून बाजूला झाली. “म्हणजे ते दीडशे रुपयांचं बिल तुझं होतं? अगं, अंधारात बसतेस की काय? आत ये. पंख्याखाली बस जरा.”