दुसऱ्या हाफची घाई

शिडी. लिंबू. किल्ली. बदक. चादर.

एक बूट पायात, एक मांडीवर.

डिसेंबर, नोव्हेंबर, ऑगस्ट.

भिंतीपलीकडे कुणीतरी बेसूर गातंय.

"दाजी, इकडे बघा. मघाशी पाच शब्द सांगितले. कोणते?"

अडसर मनातल्या मनात हसला. संघात त्याला अडसर म्हणत, कारण चेंडू घेऊन पळणारा कुणी त्याला ओलांडून जात नसे. आठवडाभर तो लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचा, तान्ह्या बाळासारख्या जपून. सुट्टीच्या दिवशी रग्बीच्या मैदानावर स्वतःचं डोकं मात्र भाड्यानं आणल्यासारखं वापरायचा. समोर गुडघ्यांवर बसलेला संघाचा फिजिओ म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. घरचाच माणूस. आणि मेहुण्याच्या परीक्षेत नापास होईल असा दाजी अजून जन्माला यायचा होता.

परीक्षेची गंमत अशी. डोक्याला मार बसला की खेळाडूला शब्द विचारायचे, महिने उलटे म्हणायला लावायचे, आणि मोसमाच्या सुरुवातीला धडधाकट असताना मिळालेल्या गुणांशी ताडून पाहायचं. गुण घसरले की खेळ बंद. जुन्या खोडांनी यावर केव्हाच तोडगा काढला होता: सुरुवातीलाच मठ्ठ व्हायचं. नव्या खेळाडूला चेंडू द्यायच्या आधी हे शिकवलं जाई. अडसर त्यात पटाईत. मोसमाच्या सुरुवातीला त्यानं पाचातले दोनच शब्द सांगितले होते, आणि महिने उलटे म्हणताना नोव्हेंबरवरून थेट ऑगस्टात उडी मारली होती. मेहुण्यानं तेव्हा बहिणीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, लग्नाआधी नीट चौकशी केली होतीस ना?"

आता तेवढंच पुन्हा करायचं होतं.

"लिंबू," अडसर म्हणाला. मग जरा डोकं खाजवलं. "आणि चादर."

"अजून?"

"एवढेच, बाबा. माझं डोकं असलंच, तुला माहीत आहे."

बाकीचे तीन त्यानं मुद्दाम मागे ठेवले होते. सहज खात्री करावी म्हणून तो मनात तिकडे डोकावला. तिथं काहीच नव्हतं. असू दे. नाही तरी ते सांगायचे नव्हतेच.

"महिने उलटे म्हणा."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑगस्ट..." या वेळी ऑगस्ट इतका सहज आला, की त्याला स्वतःच्या अभिनयाचं कौतुक वाटलं.

"डोकं दुखतंय?"

"तू विचारायला लागल्यापासून."

मेहुण्यानं ओठ चावला. "गुण तेवढेच भरतायत, दाजी. त्या मानानं तुम्ही ठणठणीत."

"मग सोड मला. अंतिम सामना आहे, आपण मागे आहोत. दुसऱ्या हाफमध्ये तो दाढीवाला पुन्हा माझ्याच अंगावर येणार."

या दाढीवाल्यालाच अडसरनं टॅकल केलं होतं. पळत्या माणसाच्या कमरेला मिठी घालून त्याला आडवा करायचा, आणि आपलं डोकं त्याच्या पाठीमागच्या बाजूला ठेवायचं, हे तो नव्या पोरांना कानीकपाळी ओरडून सांगायचा. स्वतःचं मात्र नेमकं पुढं ठेवलं, दाढीवाल्याच्या गुडघ्यासमोर. डोळ्यांपुढं लख्ख पांढरं झालं. मग त्यानं उठून सगळ्यांना अंगठा दाखवला.

"आणि हे बघ, तुझ्या ताईला यातलं काही कळता कामा नये."

ताईनं बजावलं होतं: पुन्हा डोक्याला लागलं, की बूट भंगारात. आणि बूट गेल्यावर अडसरला उरलं काय? काचा.

पलीकडचं गाणं वाढलं. कुणीतरी पत्र्याच्या कपाटावर ठेका धरला.

"समोरचे मध्यंतरातच नाचायला लागले बघ," अडसर चिडून म्हणाला. "लाज नाही लोकांना. सामना अजून संपायचाय म्हणावं."

मेहुण्यानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात दार ढकलून कप्तान आत आला. गळ्यात टॉवेल, तोंडभर हसू. "काय म्हणतोय आमचा वाघ?"

"वाघ येतोय!" अडसर म्हणाला. "तू फक्त चेंडू माझ्याकडे टाक. आज एक ट्राय काढतो की नाही बघ."

चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा, त्याला ट्राय म्हणतात. इतकी वर्षं खेळून अडसरच्या नावावर एकही नव्हता. त्याचं काम इतरांना अडवायचं.

कप्तानानं मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्यानं नकारार्थी मान हलवली. कप्तानाचं हसू मावळलं. तो आल्या पावली बाहेर गेला, आणि पलीकडचं गाणं एकदम थांबलं.

मेहुण्यानं वाकून अडसरच्या पायातल्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

"अरे, दुसरा चढवायचाय! हा काढतोस काय?"

"दाजी, खरं सांगा. मोसमाच्या सुरुवातीला नाटक केलं होतंत ना? पाचही शब्द येत होते?"

अडसरला हे गुपित फोडायचं नव्हतं. पण अभिमान फार वाईट. "येत होते म्हणजे? झोपेतून उठवलं असतंस तरी घडाघडा म्हटले असते!"

"मग आजचे म्हणा. पाचही म्हणा, मी काही आडवा येत नाही."

अडसरनं तोंड उघडलं. लिंबू होतं. चादर होती. त्यापुढे तो शोधत राहिला, अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण चाचपडावं तसा. मेहुणा वाट बघत होता. त्यानं घाई केली नाही.

"ताईला बोलावतो," शेवटी तो म्हणाला.

"बोलाव," अडसर हळूच म्हणाला. "पण लवकर. आता शिट्टी होईल."

दुसरा हाफ तो शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळला होता, आणि सामना जिंकून देणारा ट्राय त्यानंच केला होता.