छत्रीधाऱ्यांची पाळी

स्नेहलने फुलचूरच्या घरी संगणकावर आळीपाळीने चाली करायचा युद्धखेळ बनवला होता. पण पॅराशूट पलटणीतून निवृत्त झालेले तिचे बाबा सेवकराम तिला रोज हरवत. तिसऱ्याच पाळीत ते विमानातून छत्रीधारी सैनिक थेट तिच्या राजधानीत उतरवत. स्पर्धेला खेळ पाठवायला दोनच दिवस उरले होते. तिने छत्रीधाऱ्यांची ताकद घटवली, तर ते निकामी झाले. वैतागून तिने विचारलं, "बाबा, तुम्ही उतरल्याबरोबर खरंच लढायचे?" "कायचं लढतो माय," सेवकराम हसले. "पहिले एकमेकाले हुडकत फिरायचो. मी तं एकदा चिखलात फसलेला बूट काढत बसलो." स्नेहलने ताकद परत दिली आणि नियम घातला: उतरल्यावर एक पाळी लढायचं नाही. दुपारी सेवकराम पहिल्यांदा हरले. दारात जाऊन त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली, "गजेंद्र, ये, पोरीनं माही अख्खी पलटण पकडली."