बोटभर लांब

भाऊ फारेस याच्या शवपेटीचं माप सांगून झाल्यावर नख्लेने फडक्यातली पितळी पट्टी काढून उस्ताद सर्कीसपुढे ठेवली. सर्कीसने शेजारी आपली सुतारी पट्टी लावली. दोन्हींवर शंभर खुणा, पण पितळेची बोटभर पुढे गेली.

"चुकीची आहे का?" नख्लेने विचारलं.

"घंटा ओतणाऱ्याचा पोरगा तू, आणि सुताराला विचारतोस?" सर्कीस हसला. "धातू निवताना आकसतो. म्हणून साचा तेवढा मोठा आखायचा, या पट्टीने. साध्या पट्टीने आखलास तर घंटा लहान होणार, बेसूर होणार. कुठं होती ही?"

"फारेसच्या हत्यारांच्या पेटीत. वहिनीने दिली, वडिलांची आठवण म्हणून."

सर्कीसचं हसू मावळलं.

वडील गेले त्या वर्षी नख्लेने एकच घंटा ओतली होती. चर्चमधल्या जुन्या घंटेशी तिचा सूर जुळेना. पाद्रीबाबांचं गाणं मध्येच अडलं आणि गाव हसलं. तेव्हापासून चाळीस वर्षं तो बैरूतच्या ट्रकांत सफरचंदाच्या पेट्या चढवत आला होता. भट्टी फारेसची झाली, नावही फारेसचंच.

घरी बायकोने, वदादने, काळा कोट झटकून ठेवला होता. तिचे डोळे सुजलेले होते.

"चढवा तो. भावजींना खांदा द्यायला घरचा माणूस हवा."

"मी येत नाही."

"असं काय बोलता?"

"पट्टी पेटीत दडवून मला म्हणायचा, 'नख्ले, तुझ्या हाताला गुण नाही रे.' मी खरं मानलं, वदाद. माझे हात त्यानं चोरले."

"मेलेल्या माणसावर कसला राग धरायचा?"

"शेजारी उचलतील त्याला. सख्ख्या भावाशिवाय जाऊ दे मातीत."

चर्चची घंटा सुरू झाली, फारेसनं ओतलेली. नख्लेने खिडकी लावून घेतली.

वदादने ती पुन्हा उघडली. तिथंच पाठमोरी उभी राहिली.

"त्याला बोल लावू नका. त्याला काही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "मामंजींनी पट्टी माझ्या हातात ठेवली होती. म्हणाले, नख्लेला दे. मी फारेसला नेऊन दिली; जीव त्याच्यावर होता माझा. म्हटलं, तुझ्यासाठीच ठेवलीय त्यांनी."