संघाबाहेरची

निरोप समारंभात मुख्याध्यापक म्हणाले, "निगडेबाईंनी जन्मभर खो-खो शिकवला, पण कुणी बोट दाखवू नये म्हणून पोटच्या मुलीला कधी संघात घेतलं नाही!" टाळ्या थांबेनात. बाईंचा ऊर भरून आला.

परतताना रिक्षात, मांडीवरच्या बाळाला थोपटत लेकीनं विचारलं, "आई, मी बरी खेळायचे का गं?"

"बरी? खांबाला धरून तुझ्यासारखी गर्रकन वळणारी पोरगी मला पुन्हा मिळाली नाही."

लेक हसायला गेली आणि तिचे डोळेच भरले. "मला वाटायचं, मला जमतच नाही. म्हणून सोडला खेळ."

अंगावरची सत्काराची शाल काढून बाईंनी बाळावर पांघरली.

"संघात घेतलं नाहीस, ते चाललं असतं," लेक म्हणाली, "पण मी बरी खेळते, हे तेव्हा घरी सांगायचंस."