तबकडीतली मुलगी

"हे नकोत. विहिरीत उतरल्यासारखं वाटतं," असे म्हणून सासूबाईंनी डोक्यावरचे हेडफोन काढले आणि विक्रेत्याच्या हातात ठेवले.

सुनेचा चेहरा उतरला. तिला नेमके तेच हवे होते.

"अहो आई, पण यात बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. शांतपणे ऐकता येईल तुम्हाला."

"शांतता मेल्यावर आहेच. पुढचे दाखवा हो."

विक्रेत्याने काचेवर सगळे जोड मांडले. जाड गाद्यांचे, कान पुरते झाकणारे, ते रेकॉर्डिंगसाठी. त्यांतले संगीत झिरपून माइकमध्ये शिरत नाही. हलके, एका कानावरून सहज सरकणारे, ते गाणाऱ्यांसाठी. आणि पाठीला जाळी असलेले, ते घरी निवांत ऐकण्यासाठी.

"यात समोर बसून कुणी गातंय असं वाटतं, आजी," जाळीचा जोड पुढे करीत तो म्हणाला. "फक्त आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो."

"हेच बांधा."

सून गोंधळली. आयुष्यभर गाणे शिकवलेल्या या बाईंना ऐकताना पंख्याची घरघरही खपत नसे. आज त्यांनी सगळ्यांत उघडा जोड निवडला होता.

तिची अडचण सांगण्यासारखी नव्हती. लग्न ठरण्यापूर्वी, पहिल्याच भेटीत, तिने एक गाणे म्हटले होते. धृपद संपण्याआधीच सासूबाईंनी हात वर करून "पुरे" म्हटले. त्या शब्दाने तिच्या गळ्याला जे कुलूप लागले, ते या घरात कधी उघडले नाही. आता एका नामांकित गायकवृंदाने ध्वनिमुद्रण मागवले होते. मुदत शनिवारची, आणि वयाची अट पाहता संधी शेवटची. घर दोन खोल्यांचे, सासूबाई दिवसभर घरात. म्हणून ही भेट. त्यांच्याकडे जुन्या शिष्यांच्या तबकड्यांची पेटी होती. त्या ऐकत बसतील, तेवढ्यात आपण गाऊन घेऊ, असा तिचा हिशेब.

"आणि हे जाड गाद्यांचे ठेवून देऊ?" विक्रेत्याने विचारले.

"नको, ते... मैत्रिणीसाठी घेते मी."

"मैत्रीण गाते वाटतं?" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिले.

"थोडंफार."

"मग तिला सांग, गाताना एक कान उघडा ठेव म्हणावं. स्वतःचा सूर स्वतःला ऐकू आला पाहिजे."

घरी आल्यावर त्यांनी फर्मान काढले, "माझ्या प्लेअरला कुणी हात लावायचा नाही. जोडणी माझी मी करीन." मग खिडकीजवळची खुर्ची ओढत त्यांनी आतल्या खोलीच्या दाराशी आणली.

"तिथे उजेड नाही, आई."

"ऐकायला उजेड कशाला लागतो?"

दुसऱ्या दिवशी त्या हेडफोन चढवून, डोळे मिटून बसल्या. सुनेने खात्री करून घ्यायची ठरवली.

"आई, दूध उतू गेलं!"

उत्तर नाही. तिने हातातले झाकण फरशीवर सोडले. पापणीसुद्धा हलली नाही. जाळीतून आवाज बाहेर येतो म्हणे, पण तिला तर काहीच ऐकू आले नाही. हळू लावले असेल. तिने आतल्या खोलीचे दार लोटले, जाड गाद्यांचा जोड चढवून एक कान उघडा ठेवला आणि गायला सुरुवात केली.

पाणी प्यायला ती बाहेर आली, तेव्हा खुर्चीच्या हातावर ताल धरणारे सासूबाईंचे बोटही थांबले. तबकडी संपली असावी.

जेवताना त्या आपण होऊन बोलल्या. "एक मुलगी आहे त्या तबकडीत. आवाज देखणा, पण ओळीच्या मध्येच दम घेते. आधीच भरून घ्यायला काय होतं?"

सून चपापली. तिचीही चूक तीच होती. दुसऱ्या दिवशी तिने दम आधी भरून घेतला आणि ओळ अखंड आली.

मग ते रोजचेच झाले. मुलगी शेवटी घाई करते. मुलगी वरच्या सुराला घाबरते. घाबरण्यासारखं काय आहे त्यात? सून मुकाट्याने ऐके आणि सुधारे. मात्र मनात काहीतरी खुपू लागले. आपल्याला "पुरे" म्हणणाऱ्या बाई कुणा परक्या पोरीसाठी घास हातात धरून थांबत होत्या.

"आई, तबकडीतली मुलगी सुनेपेक्षा लाडकी झाली की तुला!" नवरा हसला.

"असा आवाज माझ्या हाताखालून गेला नाही," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने घास ताटात परत ठेवला. "नाव काय तिचं?"

"आठवत नाही."

ती अधिकच गोंधळली. ज्यांना प्रत्येक शिष्येचे नाव, गाव आणि खोडी पाठ होती, त्यांना हेच नाव आठवू नये?

शनिवारी तिने गाणे मुद्रित करून पाठवून दिले. त्या मुलीच्या चुका टाळून गायले, म्हणून ते चांगले झाले, हे तिला कळत होते. आणि ते कळणेच बोचत होते. निदान ती कोण, एवढे तरी पाहावे. ती बाहेर आली. सासूबाईंना खुर्चीतच डोळा लागला होता. हेडफोन डोक्यावर, गाल ओले.

तबकडीवर नाव असेलच. प्लेअरला हात न लावण्याचे फर्मान तिने प्रथमच मोडले. झाकण उघडले. आत तबकडी नव्हती.

तिने हेडफोनची वायर हाताने चाचपत धरली. वायर खुर्चीमागून गेली होती, पण कपाटावरच्या प्लेअरकडे वळली नव्हती. ती विणकामाच्या पिशवीत उतरली होती. लोकरीच्या गुंड्याखालून सुनेने तिचे टोक वर काढले. पिनेवरची प्लास्टिकची टोपी दुकानातून आली तशीच, अजून न काढलेली होती.